जनावर खाडीत परत गेलं

३ नोव्हेंबर, सोमवार
चौदा तारखेला बाबांचा आवाज जाणार. डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं — गाठ स्वरयंत्रात शिरलीय, ते अख्खंच काढावं लागेल. माणूस वाचेल, पण बोलता येणार नाही. गळ्याला भोक पाडतील, तिथून श्वास. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते, एकेक विचारत बसले. बाबा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "उन्नती, च्या पिऊ."

प्यायलो. चहा बिनसाखरेचा होता, तरी बाबांनी तो संपवला.

४ नोव्हेंबर
शाळेत शिकवताना लक्ष नव्हतं. सारखा बाबांचा जत्रेतला आवाज कानात.

आमच्या सारसोळे गावच्या जत्रेत खाडीकाठी सिनेमाचा पडदा लागायचा. पन्नासच्या दशकातले इंग्रजी सिनेमे, काळे-पांढरे — उडत्या तबकड्या, थडग्यातून उठणारी माणसं, बॉम्बनं जागी झालेली जनावरं. शहरात जुने झाले की फिरत्या टॉकीजवाल्याला स्वस्तात मिळायचे. तीस वर्षं शिळे, पण आम्हाला ताजे! गावात इंग्रजी कुणाला येणार? म्हणून बाबा पडद्याच्या बाजूला उभे राहून सगळं सांगायचे. बाई, सायंटिस्ट, पोलीस — सगळ्यांचे आवाज एकटेच काढायचे. बाबांना तरी इंग्रजी कुठे येत होतं! चौथी पास. पण ते कुणी कधी विचारलं नाही.

एक सिनेमा त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करायचाच. दहा दिवस आहेत.

६ नोव्हेंबर
सापडला! इंटरनेटवर, खाली इंग्रजी वाक्यांसकट. तोच — समुद्रतळच्या चिखलातून वर येणारं जनावर.

बघून थक्क झाले. सायंटिस्ट सबंध वेळ अणुचाचणीबद्दल बोलतोय. बाबांच्या सिनेमात तो ओरडायचा, "खाडी बुजवली कोनी? याचा घर होता तिथं!" आणि समोर वाळूत बसलेली माणसं कोण, तर ज्यांची शेतं आणि मिठागरं नव्या शहरात गेली ती. मला हे आज कळलं, पंचेचाळिसाव्या वर्षी.

शेवट तर! तोफा, धूर, जनावर पाण्यात कोसळतं. सिनेमातला सेनापती म्हणतो, मेलं. बाबा म्हणायचे, "मेला नाय! घरा गेला!" अख्खा किनारा टाळ्या वाजवायचा. मी पाच-सहा वर्षांची, तेवढ्यासाठी डोळे ताणून बसायचे.

७ नोव्हेंबर
रेकॉर्डिंगला बाबा नाही म्हणाले. "मोबाईलला काय सांगू? तो घाबरतो काय?"

मी चिडले. आवाज चढवला — त्यांच्यावर, आत्ता! लाज वाटते. त्यांचा आवाज जातोय आणि हट्ट मी करतेय. पण मला हवाय तो आवाज. हवाच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
चांगुणाबाईला बोलावलं. गावात बाबांच्या गल्लीतली, अजून मासळी विकते. जत्रेत पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्यानं किंचाळायची. दुपारी बाजार आटोपून दोघी मैत्रिणींना घेऊन आली, रिकाम्या टोपल्यांसकट आमच्या सोसायटीच्या लिफ्टमधून! वॉचमननं नाक मुरडलं. "उद्या बोंबील आनते तुना," म्हणाली. त्यानं लिफ्टचं दार धरलं.

तिघी जमिनीवरच बसल्या. चांगुणाबाई बाबांना म्हणाली, "कान्हा, चालू कर रं. जनावर कवा यायचा?"

मी टीव्हीवर सिनेमा लावला. बाबा उठले. टीव्हीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. आवाज घोगरा, मधेच फाटणारा. पण तोच! "आयला, आयला रं जनावर!" म्हणाले तेव्हा चांगुणाबाईनं पदर तोंडात कोंबला. सत्तरी गाठलेली बाई! मी मोबाईल धरून उभी.

शेवट आला. तोफा, धूर. जनावर कोसळलं. तिघी टाळ्यांच्या तयारीत.

बाबा हळूच म्हणाले, "मेला."

"आता असा कसा मेला?" चांगुणाबाई.

"सगलीच मरतान. बंद कर, पोरी."

कुणी टाळी वाजवली नाही. टोपल्या उचलून निघाल्या. जाताना चांगुणाबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

११ नोव्हेंबर
रेकॉर्डिंग छान आलंय. मी शेवट ऐकू शकत नाही. त्याच्या आधीच बंद करते.

असं का केलं म्हणून विचारलं. बाबा लसूण सोलत होते. "तेवढाच दिसला मना," म्हणाले, आणि सोलत राहिले. इतकी वर्षं ज्यांनी जनावराला कधी मरू दिलं नाही, ते बाबा घाबरलेत. पुन्हा सांगा म्हणायची माझी छाती झाली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी सातला आत नेलं. दाराशी काहीतरी बोलायला तोंड उघडलं त्यांनी. तेवढ्यात स्ट्रेचर ढकललं गेलं, दार मिटलं. म्हणजे तेही राहिलंच.

१५ नोव्हेंबर
ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आहेत. ओठ हलतात, नुसते.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आज बाबांनी खुणेनं पाटी मागितली. वेडीवाकडी अक्षरं, खूप वेळ लागला — "शेवट चुकला. तू सांग."

मी उठून पलंगाच्या बाजूला उभी राहिले. बसून नाही सांगायचं ते. नर्स बघत होती, बघू दे! "मेला नाय," म्हणाले मी, मोठ्यानं, "घरा गेला!"

बाबांनी सलाईनचा हात उचलून टाळी वाजवली.