गौरीपुढचं मूत्रपिंड

राजारामपुरी, कोल्हापूर

माझ्या बिद्रीच्या अक्कास धाकट्या तानाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा हाय? तेल गरम करून लाव. दाजींची बिडी सुटली का? (न्हाई, ठावं हाय.) हिकडं आमी समदी खुशाल, आणि मी तर लई आनंदात. आमची नात स्नेहल डॉक्टरकीच्या वरच्या पदवीसाठी माणसाच्या मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या मोजती, आणि तिच्या वहीत आकडे कोण लिवतंय? मी! तिसरीपातूर शिकलेली तुझी बहीण!

मोजायचं कसं सांगते. देहदान केलेल्या माणसाचं मूत्रपिंड घ्यायचं, मोठ्या रक्तवाहिनीत लाल पातळ औषध सोडायचं, ते आत घट्ट झालं की वरचं मांस विरघळवायचं. मागं ऱ्हातंय निस्तं लाल झाड. बुडाशी एक खोड, त्याच्या दोन फांद्या, मग पाच, मग गणतीच न्हाई. प्रत्येक फाट्याची जाडी-लांबी मोजायची. (ऑपरेशनच्या येळी कुठली फांदी कुठं फुटती ते डॉक्टरला ठावं पायजे, न्हाईतर भलतीच तुटंल.) अशी पन्नास झाली की स्नेहलला पदवी. झाली हुती बेचाळीस, कारण देह देणारी माणसं मिळत न्हाईत.

ह्ये समदं मला आता ठावं, गौरी आल्या तवा न्हवतं. सुट्टीत मोजायला स्नेहलनं त्यातलं एक खोक्यातनं घरी आणलेलं. मला वाटलं, पोरीनं आरासीला पोवळ्याचं झाड आणलं. मी ते गौरीपुढं मांडलं, मागं दिव्यांची माळ सोडली. हळदीकुंकवाच्या बायका दुसरं कायबी बघंनात! खालच्या मजल्यावरची संयोगिता म्हणाली, "आज्जी, कुठनं आणलं वो?" मी ठोकून दिलं, "महाद्वार रोडवरनं. शेवटचंच हुतं." तिनं भक्तीनं झाडालाबी हळदकुंकू लावलं, आणि तेवढ्यात स्नेहल दारात. "आज्जे, त्ये कुणाचंतरी मूत्रपिंड हाय!" संयोगितानं दचकून हात मागं घेतला, बांगडीत फांदी अडकली आणि कटकन मोडली. निम्म्या बायका ओटी न घेताच जिन्यात. एकीनं जाता जाता इचारलं, "महाद्वार रोडवर ह्येबी मिळतंय व्हय?"

मोडलेलं झाड मोजणीत धरत न्हाईत. बेचाळीसची एक्केचाळीस झाली. पोरगी रडली न्हाई, पण जेवलीबी न्हाई. तवापासनं रोज तिच्यापाशी बसून मी आकडे लिवते. पण लिवून मूत्रपिंड वाढत न्हाई, अक्का.

दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझी
ताना

ता. क. मी देहदानाचा फॉर्म भरलाय. एक मोडलं, त्याच्या बदली माझी दोन दीन. स्नेहल हसून म्हणाली, "आज्जे, माझी पदवी पुढल्या वर्षीच हाय, तू घाई करू नगं." मी म्हणलं, मग तुझ्या मागनं येणाऱ्या पोरीला हुईल. जवळच्या नातेवाइकाची सही लागती. आमचा विजयसिंह "आईला कापू देणार न्हाई" म्हणून ओरडतोय, आणि आतल्या खोलीत जाऊन डोळं पुसतोय. तवा सही तू करायची. त्याला फोनवर समजावाय जाऊ नगं, तूबी रडशील.

आणखी ता. क. स्नेहल म्हणती, सख्ख्या बहिणींच्यासुद्धा फांद्या येगळ्या असत्यात. तू जल्मभर म्हणत आलीस, तुझं समदं माझ्यापरास सरस. मोजूनच बघाय पायजे. माझ्या फॉर्मासोबत तुझ्यासाठीबी एक कोरा जोडलाय. फोटो दोन चिकटव, आणि त्यात पदर कपाळावर वढू नगं, त्वांड दिसाय लागतंय.