पाववाल्याचा उजवा हात

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (धाकटा मी आता वजनानेही झालो आहे. शर्ट घातला की तो अजून दोरीवरच वाळत असल्यासारखा दिसतो. एवढं सोडलं तर प्रकृती उत्तम.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी कानाचं यंत्र लावतात का, की अजून ते खिशात ठेवूनच 'ऐकू येत नाही' म्हणतात? मला त्यांचं पटतं. तुझ्याशी संसार करायचा तर यंत्र खिशातच असलेलं बरं. हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस. दाखवलंस तरी त्यांना ऐकू येणार नाही म्हणा.

तू पाठवलेला केक पोहोचला. सोबतची चिठ्ठीही पोहोचली. 'एवढासा तुकडा खाल्ल्याने काही होत नाही, लहानपणी माती खायचास तेव्हा कुठे काय झालं होतं' हे तुझं वैद्यकीय मत मी आमच्या डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. माती चालेल म्हणाल्या, केक नको. तेव्हा ताई, रागावू नकोस. केक मी खाल्ला नाही, पण वाया घालवला नाही. घरातल्यांना समोर बसवून खायला लावला आणि कसा लागतो ते मला नीट सांगा म्हटलं. ही म्हणाली, छान. होयबा म्हणाला, छान. (होयबा म्हणजे आपला पीठ मळणारा, बाबांच्या वेळचा. तू याला ओळखतेस. भट्टीला आग लागली असं सांगितलं तरी हा आधी 'हो' म्हणेल आणि मग पाणी आणायला जाईल.) पिठाची गाडी घेऊन येणारा ड्रायव्हर आला होता, त्याने दोन तुकडे खाल्ले आणि तोही म्हणाला, छान. या एका शब्दावर तुझ्या केकची माझी ओळख थांबली आहे.

तुला अजून हे सगळं माझं थेर वाटतंय, म्हणून मुळापासून सांगतो. पोट माझं कित्येक वर्षं कुरकुरत होतं आणि मी ते धंद्याच्या काळजीवर ढकलत होतो. शेवटी हिने धरून नेलं. घशातून कॅमेरा घालून आतले फोटो काढले. (लग्नातसुद्धा माझे इतके फोटो काढले नव्हते.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला सिलिअ‍ॅक म्हणतात. गव्हात आणि जवात ग्लूटेन नावाचा चिकटपणा असतो, तो पोटात गेला की तुमचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर धावून जातं. औषध नाही, फक्त पथ्य, आणि तेही जन्मभर. मग सहज म्हणून विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, बेकरी आहे. बाई हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

घरी आल्यावर हिने कारभार हातात घेतला. माझी भांडी वेगळी, माझा तवा वेगळा, माझी चाळण वेगळी, आणि सगळ्यांना लाल रंगाचा ठिपका. माझ्या चहाच्या कपालाही ठिपका. पाहुणे विचारतात, याला काही लागण आहे का? सुपाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं ही भिंग लावून वाचते, कारण घट्टपणासाठी मैदा कुठेही दडलेला असतो. बाजारात आमच्यामुळे रांग तुंबते. सासूबाईंनी एकदा सवयीने आपल्या पातेल्यातला चमचा माझ्या पातेल्यात घातला, तर हिने आख्खं पातेलं मोलकरणीला देऊन टाकलं. ती बिचारी अजून चमचा घातलात का म्हणून सासूबाईंना रोज विचारते, तिला आणखी एक हवं आहे.

भात, मका, बटाटा यांवर माणूस जगतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाववाल्याच्या घरात पाववाल्यालाच पाव नाही हे मला सहन होईना. म्हटलं, बाबांचा मुलगा आहे मी, तांदळाचाही पाव करून दाखवीन. तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, बटाट्याचा स्टार्च एकत्र करून बेकरीच्या वर, घरात मळायला बसलो. ताई, ते मळलं जात नाही. ते अंगाला लावतात. ताणायला गेलं की तुटतं, सोडून दिलं की पसरतं. पहिला पाव भाजून काढला आणि टेबलावर ठेवला, तेव्हा टेबलाचा आवाज आला. ही तो अजून वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला लावते. नंतर मात्र हळूहळू जमलं. बरा होऊ लागला, कापता येऊ लागला, एकदा तर फुगलासुद्धा.

पण पोटदुखी थांबेना. मग मी घरात चौकशी लावली. हिच्यावर संशय घेतला, सासूबाईंवर घेतला, मोलकरणीवर घेतला. होयबाला विचारलं, तू वर येऊन माझ्या पिठाला हात लावलास का? तो म्हणाला, हो. (तो जिना चढतच नाही, त्याला चक्कर येते.) घरात कुणी माझ्याशी धड बोलेना. शेवटी ही म्हणाली, तुम्ही पाव करा, मी स्टूल घेऊन बघत बसते. मी हात धुतले, ओटा पुसला, लाल ठिपक्याची परात घेतली, गोळा तयार केला. आणि तो ओट्यावर टाकण्याआधी माझ्या उजव्या हाताने फडताळावरच्या डब्यातून चिमूटभर पिठी काढून ओट्यावर छान भुरभुरली. मैद्याची पिठी. गोळा चिकटू नये म्हणून, जन्मभर भुरभुरतो तशी. इतके दिवस मी रोज स्वतःच्या हाताने स्वतःला गहू चारत होतो. हिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, हा हात कुणाचा? मी तो सोडवून घेऊन पुन्हा धुतला. सासूबाई मात्र तेव्हापासून फार आनंदात असतात.

डबा तिथून हलवला. हात अजून तिथेच जातो. रिकाम्या फळीवरून काहीच न घेता येतो आणि ओट्यावर ते भुरभुरतो.

आता पुढची गोष्ट, जी मी तुला फोनवर सांगितली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मळणीच्या खोलीत हवेत मैदा उडतो, तोंडात जातो, तुम्ही तिथे जायचं नाही. तेव्हापासून मी खाली पुढच्या काउंटरवर बसतो. मध्ये काचेचं दार. आत होयबा मळतो, भाजतो, पोरं ट्रे बाहेर आणतात, मी विकतो. काम हलकं आहे, पंखा आहे, गिऱ्हाईकांशी गप्पा होतात. मी मजेत आहे.

फक्त एक बारीकशी गोष्ट. समोरचा शिंपी रोज पाव नेताना काहीतरी बोलायचा. कडक आहे, मऊ आहे, काल बरा होता. आता तो पाव घेतो आणि हवेबद्दल बोलतो. कोपऱ्यावरच्या निवृत्त नर्सबाई पूर्ण पाव न्यायच्या, आता अर्धा मागतात आणि भूक कमी झाली म्हणतात. संध्याकाळी फळीवर पाव उरतात. मी रंग पाहतो, रंग ठीक आहे. बोटाने ठोकून आवाज ऐकतो, आवाजही ठीक आहे. वास घेतो (काचेच्या अलीकडून). माप बाबांचंच आहे, मी त्यात कधी कणभर फरक केला नाही, आणि होयबा तर मापाबाहेर जाणारा माणूसच नव्हे. मग चूक असणार कशी? हिला विचारलं तर म्हणते, छान. होयबाला विचारलं तर म्हणतो, छान. आणि मला माझाच पाव तोंडात घालून बघता येत नाही. ताई, हे मला फार लागतं. पथ्याचं काही नाही गं, पण आपल्या हातचं बिघडलंय की नाही एवढंही आपल्याला कळू नये याला काय म्हणायचं?

असो. सगळं ठीक चाललंय. काळजी करू नकोस आणि गुडघे सांभाळ. मुद्दाम यायची अजिबात गरज नाही.

तुझा,
लाल ठिपकेवाला भाऊ

ता.क. पुढच्या खोलीतली खाट खिडकीपाशी सरकवली आहे. तिथे ऊन येतं. सहज कळवलं.

ता.क. दुसरा. पत्रासोबत पिठाच्या ड्रायव्हरबरोबर आजचा पाव पाठवतोय. फ्रॉकमध्ये असताना तू भट्टीसमोर उभी राहून बाबांना 'आज कच्चा राहिलाय' म्हणायचीस आणि बाबा मुकाट्याने आख्खी खेप परत आत ढकलायचे. माझा पहिला पाव खाऊन तू म्हणाली होतीस की हा गिळायला विहीर लागेल. तसं सांगणारं आता इथे कुणी नाही. चहात न बुडवता खा, आणि जे असेल ते कळव. 'छान' लिहिलंस तर मी समजेन की मला सख्खं माणूस उरलं नाही.

ता.क. तिसरा. वन्सं, नमस्कार, मी लिहिते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे देऊन हे काउंटरवर गेलेत. पाव अळणी झालाय. होयबाला माहीत आहे, शिंप्याला माहीत आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. एवढं सगळं सुटल्यावर हेही त्यांना कोण सांगणार, म्हणून आम्ही छान छान करतो. त्या पिठीच्या दिवसापासून माझ्या मनात होतं की त्यांचा हात खालीही असंच काही करत असेल, म्हणून होयबाला खोदून विचारलं. तो म्हणाला, मालक परातीवरून जाता-येता मूठभर मीठ टाकायचे, मापाव्यतिरिक्त, रोज. त्यांना स्वतःला हे ठाऊक नाही, हात आपोआप जायचा. होयबाने स्वतः टाकून पाहिलं, एकदा खारट झाला, एकदा अळणीच राहिला. ती मूठ त्यांचीच लागते. मिठाला मनाई नाही, मी डॉक्टरीणबाईंना विचारून आले आहे. काउंटरवर बसल्या बसल्या त्यांनी रोज मूठ भरून वाटीत द्यावी, पोरं आत नेतील. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मी समजूत काढतेय. तुम्ही लिहा, आणि चांगलं रागावून लिहा. मायेनं लिहिलंत तर त्यांना लगेच संशय येईल.