शेजारच्या वर्गाची चिठ्ठी

३ जुलै

ती. ताईस,
धाकटीचा सा. न.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. भावजींना जाऊन पाच महिने झाले आणि तू दिवसभर त्यांच्या खुर्चीत बसून असतेस, असं शेजारच्या काकूंकडून कळलं. जीव टांगणीला लागलाय माझा.

माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी आली आहे. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. बाकावर टिकतच नाही. मोठ्या बाईंचा हुकूम, हाताची घडी घालून बसवा. आठवडाभर बसवली. बसली बिचारी, पण सगळं बळ बसण्यातच गेलं. येत होतं तेवढं वाचनही गेलं.

दोन ओळी तरी लिही गं.
तुझी धाकटी

१२ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वाचून वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. हल्ली काहीच वाटत नाही. रडूसुद्धा येत नाही. चहा समोर गार होतो, मी बघत बसते. डॉक्टर म्हणाले, चालत जा. कुठे, ते सांगायचं विसरले.

त्या पोरीला बसवू नकोस. तू पाढे जिन्यावर चढत पाठ केलेस, बे दाहे वीसला वरच्या पायरीवर. बाबांचं डोकं उठायचं. खाली बसवलं की तुझी गाडी बे चोकवर अडायची. विसरलीस?

माझी काळजी करू नकोस, असं लिहायची रीत आहे.
ताई

२५ जुलै

ती. ताईस,
सा. न.

तुझं ऐकलं. आता वर्ग चालत पाढे म्हणतो. मागच्या भिंतीला उंच फळी ठोकून घेतली. ज्याला उभ्यानं लिहायचं त्यानं तिथे लिहावं. मोठ्या बाई म्हणाल्या, बाजार भरवलाय नुसता. पण फळी काढा म्हणाल्या नाहीत.

भिंगरीला मी मधूनच बंद पाकीट देऊन शेजारच्या वर्गावर धाडते. आत कोरा कागद. तिथल्या बाई तो गंभीरपणे वाचतात आणि उत्तराचं पाकीट देतात, तेही कोरं. आपल्यावाचून शाळा अडेल असं पोरीला वाटतं. परत येऊन बसते आणि धडा वाचते. अडखळते, पण पुरा करते.

सोबत एक बंद पाकीट आहे. तुझ्या गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात माझी मैत्रीण असते, तिला नेऊन दे. काम निकडीचं आहे.

रागावलीस तरी चालेल, पण ऊठ.
धाकटी

३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मी काय दुसरीत आहे? पाकीट उजेडाला धरलं. कोरं. चार दिवस खिडकीत पडून होतं. पाचव्या दिवशी चप्पल शोधली. एक पलंगाखाली गेली होती.

वाचनालयाला अकरा पायऱ्या आहेत. सहावीवर दम लागला आणि सवयीनं हात बाजूला गेला, ह्यांचा हात धरायला. तिथेच बसून रडले. लोक वाट काढून जात होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा रडले गं.

तुझ्या मैत्रिणीनं चष्मा लावून तो कोरा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाली, उत्तर लिहायला वेळ लागेल, उद्या तुम्हीच येऊन न्या.

भिंगरीला माझा आशीर्वाद सांग. जास्त लिहीत नाही, उत्तर आणायला जायचं आहे.
ताई