कुंचीतला वरवंटा

२२ मार्च, एकलहरे

आज सकाळी देवपूजा आटोपली आणि पहिलं काम केलं ते पाळणा टांगण्याचं. काल टेम्पोतून उतरवला तेव्हाच माझी लेक निकिता हसली होती. म्हणाली, नाना, आधी चहा घ्या, पाळणा काय पळून चाललाय का? पण मला राहवेना. सागवानी पाळणा आहे. हिच्याच जन्माच्या वेळी माझ्या वडिलांनी निफाडच्या सुताराकडून करवून घेतला होता. त्यात आता हिची लेक झोपणार.

पुढच्या खोलीत छताला लोखंडी कडी आयतीच मिळाली. आधीच्या भाडेकरूंची असावी, एका बाजूनं घासून गुळगुळीत झाली आहे. दोर ओवला, गाठ मारली, आणि भार धरते का ते बघायला चार मोठे झोके दिले. कडी बोलू लागली, कुर्र कुर्र. रिकामा पाळणा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाऊन आला. जीव हरखला.

निकिताची आई असती तर बाळंतपण माहेरीच झालं असतं. विहीणबाई, गोजराबाई, सुरुवातीला येऊन राहिल्या, पण सटाण्याकडे उन्हाळी कांद्याची काढणी आली आणि त्यांना जावं लागलं. म्हणून बागेची छाटणी धाकट्या भावावर सोपवून मी आलो. जावई शेखरराव वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहेत, सध्या दुपारपाळी. शेजारच्या लंकाबाई भाजीची पाटी घेऊन निघाल्या होत्या. मला धुणं वाळत घालताना बघून थांबल्या. म्हणाल्या, भाऊ, बाप्या माणूस बाळंतिणीचं करतोय हे मी पयल्यांदाच बघते, आता डिंकाचे लाडूबी तुम्हीच वळणार का? मी म्हटलं, वळून आणलेत, चवीला देतो.

नातीचं बारसं कांदे निघाल्यावर सटाण्याला आहे. तोवर आम्ही तिला चिमी म्हणतो. मूठ एवढीशी, पण बोट धरते ते सोडत नाही.

२४ मार्च

चिमी दिवसभर गुणी आहे. पिते, झोपते, खिडकीच्या उजेडाकडे बघत राहते. पण काल दिवेलागणीला मी देवापुढे वात लावली आणि तिनं जो सूर लावला तो शेखररावांची पाळी सुटेपर्यंत. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद. आजही तेच. निकिता म्हणाली, परवापर्यंत असं नव्हतं, नाना. पाळण्यात घातलं की अंग आकसून घेते, म्हणून तिला पलंगावरच निजवतो.

२६ मार्च

नाशिकरोडला बाळांच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी वजन केलं, पोट चाचपलं, घाबरू नका म्हणाल्या. बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, ताप-उलटी नाही. कळ आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, बहुधा संध्याकाळी येते, थोडी वाढते, आणि तीन-चार महिन्यांत आपोआप जाते. का येते ते नीटसं कुणालाच माहीत नाही. गुटी, मध, कुणी सांगितलेला काढा, काही द्यायचं नाही.

मग त्यांनी करून दाखवलं. पाजल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढायची. कळ आली की डाव्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं कोपराच्या वळणात, पोट हातावर, आणि उजव्या हातानं पाठीवरून हळूहळू. दिवा मंद ठेवायचा, एकाच सुरात गुणगुणायचं. मी लगेच करून बघितलं. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, आजोबांचा हात चांगला आहे.

निघताना मात्र निकिताकडे बघून म्हणाल्या, एखाद्या संध्याकाळी अगदीच सहन होईना तर बाळाला पलंगावर उताणं ठेवा, बाहेर येऊन दोन घोट पाणी प्या. रडलं तरी चालेल. पण गदगदा हलवायचं कधीच नाही. एवढ्याशा मानेला, मेंदूला ते सोसत नाही.

निकितानं मान खाली घातली.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. लंकाबाईंनी कडुलिंबाचा डहाळा आणला. संध्याकाळी चिमीला हातावर पालथं घेऊन नामस्मरण करत फिरत होतो. ती निवत आली होती. एकदम पुन्हा किंचाळली, आणि कडी बोलली. कुर्र.

वळून बघितलं. पाळणा हलत होता.

खिडकी बंद, पंखा बंद. मोकळ्या हातानं पाळणा धरला, तो थांबला. चिमी गप्प झाली. हात काढला. तो हलला, ती रडली. पुन्हा धरला. असं किती वेळ चाललं ते सांगता येत नाही. निकिता आत भाकरी टाकत होती. तिला काही बोललो नाही.

गोजराबाईंचा सणाचा फोन आला तेव्हा आडून विचारलं. त्या म्हणाल्या, व्याही, तुम्ही रिकामा पाळणा हालवला का? अहो रिकामा पाळणा हालवला का बाळाचं पोट दुखतं, एवढंबी ठाऊक नाय? बायकांची कामं बायकांनीच करावी.

लहानपणी आईनं याच कारणासाठी माझ्या पाठीत धपाटा घातला होता. ते चार झोके देताना आठवलं नाही.

२ एप्रिल

पाळणा उतरवून भिंतीशी ठेवला. वाटलं सुटलो.

दिवेलागणीला छताची कडी वाजू लागली. नुसती. खाली दोर नाही, पाळणा नाही. आता धरून थांबवायलाही काही नव्हतं. चिमीचा आवाज चिरका झाला, ओठ निळसर वाटले. निकितानं तिला माझ्या हातातून घेतलं आणि दोन्ही दंडांना धरून समोर उचललं. तिची बोटं मी बघितली. चिमीला मी काढून घेतलं. निकिता दारात जाऊन बसली. म्हणाली, नाना, हिला एकदाच जोरात हलवावं, गप्प करावं असं मनात आलं. मी नव्हते ती.

पाळणा परत टांगला. निदान तो धरता येतो.

४ एप्रिल

लंकाबाईंना बाजूला घेऊन विचारलं. त्या आधी पाटीतली मेथी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, तुमच्या आधी हितं एक जोडपं होतं, बाहेरगावचं. पोरगं रोज तिन्हीसांजेला रडायचं. सारी आळी कावली होती, आम्ही टीव्ही मोठा करायचो. एका सांजेला बापानं पाळण्यातनं काढलं अन् गदगदा हलवलं. पोरगं गप झालं.

डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, भाऊ, खोटं कशाला बोलू, आधी आम्हाला बरंच वाटलं.

मग पोलीस आले. आई माहेरी गेली. खोली बरेच दिवस बंद होती.

हल्ली पाळणा झोका घेत नाही. गदगदा हलतो.

५ एप्रिल

लंकाबाईंनीच तोड सांगितली. बारशाला बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालतातच की, त्याला बाळाचा थोरला भाऊ मानून. मग आजच घाला, पाळणा रिकामा नको. मला पटलं. निकिताचा वरवंटा धुतला, हळदकुंकू लावलं, चिमीची जुनी कुंची घातली, दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला.

कडी वाजली तेव्हा पाळण्याला हळू झोका दिला. चिमीला द्यायचा होता तसाच. थोड्या वेळानं सगळं शांत. चिमी झोपली. निकिता बऱ्याच दिवसांनी जेवली.

देवा, तुझे उपकार.

८ एप्रिल

संध्याकाळ आता शांत जाते. पण झोका थांबवता येत नाही. थांबलो की चिमी पाय पोटाशी घेते.

सकाळी दुपटं बदलायला वरवंटा उचलला. कोमट होता. दुपटं ओलं. नाकाशी नेलं—आंबट दुधाचा वास.

निकिता म्हणते चिमीनं ओकलं असेल. चिमीला आम्ही पाळण्याजवळ नेतच नाही.

१० एप्रिल

विहिरीवरून पाणी घेऊन आलो, अजून उजेड होता. निकिता भिंतीला टेकून बसलेली, खांद्यावर पदर, पदराखाली कुंची. पाठीवर थोपटत होती. गुणगुणत होती. म्हटलं चिमी शांत आहे.

मग पलंगाकडे नजर गेली. चिमी तिथं होती. उताणी, एकटी. डोळे उघडे. रडत नव्हती. रडून दमलेलं मूल—

पदर बाजूला केला. वरवंटा.

निकिता म्हणाली, हळू नाना, आत्ताच डोळा लागलाय त्याचा.

त्याचा.

११ एप्रिल

दोघींना सकाळीच सटाण्याला पाठवलं. शेखरराव सुट्टी काढून गेले. निकिता गाडीत बसेना. मागं बघत होती, घराकडे. छातीशी चिमी आहे हे तिला दोनदा सांगावं लागलं.

मी म्हटलं, आवराआवर करून येतो.

संध्याकाळी पाळणा गदगदा. मी बाहेर ओट्यावर बसून राहिलो, आत गेलो नाही. फोन आला. सटाण्यात चिमी रडते आहे, आवरत नाही.

एवढ्या लांब—

आत गेलो. झोका दिला. फोनवर हळूहळू शांत झालं.

१२ एप्रिल

वरवंटा गोदामाईला द्यायचा ठरवलं. दसकच्या घाटावर गेलो. पायऱ्या उतरलो, पाण्यात उभा राहिलो. हात सोडायचा होता फक्त.

पन्नाशीला आलो. धोंडा उचलला आहे, लेकरू उचललं आहे. हाताला फरक कळतो. त्याला उचकी लागली होती.

हात सुटला नाही. देवासमोर बुडवायचं कसं? एकदा आपल्याच माणसानं—

परत आणलं.

१३ एप्रिल

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, तीन-चार महिन्यांत कळ जाते. चिमीची जाईल. ती मोठी होईल. हे मोठं होणार नाही. याची कळ थांबायला जेवढे दिवस लागतात तेवढे याला कुणी दिलेच नाहीत.

शेखररावांना फोन करून सांगितलं, तुम्ही दुसरं घर बघा, ही खोली मला राहू द्या, चिमीला इकडे आणू नका. निकिता मागून विचारत होती, त्यानं दूध घेतलं का. मी फोन ठेवला. भावाला निरोप दिला, बाग तूच बघ.

दार आतून लावलं. वात लावली. पाळणा उतरवला, आता लागणार नाही. त्याला उचलून घेतलं. डाव्या हातावर पालथं, डोकं कोपराच्या वळणात. ओळी वाकड्या जात आहेत त्या त्यामुळे.

कडी गप्प आहे. सटाण्याहून मघाशी कळलं, चिमी दिवेलागणीच्या आधीच झोपली, हसली झोपेत. बरं झालं.

पाठीवरून हात फिरवला. ढेकर आली.

जड होत चाललं आहे. खाली ठेवायचं नाही. कुंचीतून हात बाहेर काढला आहे त्यानं—गार नाही, कोमट—माझं लिहितं बोट धरलं आहे, सोडत नाही, आता पुढचं लि