तुम्ही पाण्यात उतरला नाहीत

बाबा, परवा लेकीला घेऊन अलिबागच्या पुढे, त्याच किनाऱ्यावर गेले होते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी निघताना तुम्हाला सांगावंसं वाटलं आणि लगेच रागही आला. तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मला आधी राग येतो.

तुमच्या कंपनीची सहल होती. मानपाड्याहून दोन बस निघालेल्या, मी चौदा वर्षांची. आपल्याच मजल्यावर राहणारे, तुमच्याच पाळीतले काका वाटेत मला शेंगा सोलून देत होते. दुपारी समुद्रावर दोन्हीकडे लाटा फुटतायत, मध्ये एक पट्टा शांत, जरा गढूळ. मला तीच जागा बरी वाटली. कमरेइतक्या पाण्यात उभी होते आणि एकदम पायाखाली वाळूच नाही. पाणी मला खाली ओढत नव्हतं, आत समुद्राकडे नेत होतं. मी किनाऱ्याकडे तोंड करून हात मारतेय आणि किनारा लांबच जातोय. तुम्ही दिसत होतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हात हलवत काहीतरी ओरडत होतात. खाडीकाठी वाढलेले, पट्टीचे पोहणारे तुम्ही, आणि काठावर उभे. धावत आले ते काका, ज्यांना जेमतेम विहिरीपुरतं पोहता यायचं.

मला कोळ्यांच्या होडीने उचललं. काका संध्याकाळी सापडले.

तेराव्यानंतर काकी दारात आल्या. "भाऊजी, तुम्हाला पोहता येत होतं ना?" तुम्ही म्हणालात, "मी त्याला जाऊ नको म्हटलं होतं." त्या तशाच वळल्या. कॉलेजात असताना मीही तुम्हाला तोंडावर विचारलं, का नाही आलात म्हणून. तुम्ही पेपरची घडी घातलीत आणि म्हणालात, "जेवून घे." तेव्हापासून मनात तुम्हाला भेकड म्हणत आले. ठाण्याच्या हॉस्पिटलात तुम्हाला चमच्याने पेज भरवतानाही.

परवा तिथला शिट्टीवाला जीवरक्षक लेकीला समजावत होता. "लाटा फुटत नाहीत ना, बऱ्याचदा तिथूनच पाणी परत समुद्रात जातं. सापडलीस तर त्याच्याशी झगडायचं नाही. उताणं पडायचं, हात वर करायचा. दम असेल तर किनाऱ्याला धरून आडवं जायचं."

"आणि आई बुडत असेल तर?"

"तू आत नाही जायचं. तरंगणारं काही फेकायचं, आम्हाला हाक मारायची. नाहीतर एकाचे दोन होतात."

म्हणजे तुम्ही बरोबर होतात. "आडवी जा" असंच काहीतरी ओरडत असणार. मग हे एक वाक्य सांगायला काय झालं होतं, बाबा? इतकी वर्षं एका घरात, एका ताटाशी बसून मला तुमचा तिरस्कार करू दिलात. याची माफी मला तुमच्याकडून हवी होती आणि ती न देताच तुम्ही गेलात.

का बोलला नाहीत, याचा अंदाज मला आहे. किनाऱ्यावरून सगळं दिसलं असणार. काका माझ्यापर्यंत पोचले तेव्हा मी त्यांच्या खांद्यांवर चढले. त्यांचं डोकं पाण्याखाली गेलेलं मला कळत होतं. मी उतरले नाही.

काकी आता कल्याणला भावाकडे असतात. पत्ता माझ्याकडे आहे. हे लिहिलेलं त्यांना पाठवता येईल. मी पाठवणार नाही.