न संपणारं पोतं

२४ ऑगस्ट, शनिवार

पोतं पुन्हा जड झालंय!

आज सकाळी कोठाराच्या माळ्यावर गेले. बाप्तिस्म्याच्या बिअरसाठी हॉपच्या वेलाची वाळलेली बोंडं किती आहेत ते बघायला. जूनमध्ये उन्हाळ्याची बिअर केली तेव्हा बोंडं गुडघ्यापर्यंत होती – मी पोत्याला पाय लावून पाहते, माझी तीच पट्टी. आज मांडीपर्यंत आहेत. बोंडं काय पोत्यात पिलं घालतात?

नातवाने, हाल्वोरने, नाताळात ही वही दिली. म्हणाला, "आजी, मनात येईल ते लिही." माझी शाळा एक दिवसाआड असायची, त्यामुळे मला अर्धंच येतं. त्याच्या बायकोला मुलगी झाली. नाव ठेवणार बोर्गहिल. माझं नाव! एक्क्याऐंशी वर्षांत माझ्या नावाचं कुणाला काही वाटलं नव्हतं. पंधरा सप्टेंबरला चर्चमध्ये तिच्या डोक्यावर पाणी पडणार आणि मग साठ माणसं इथे अंगणात माझी बिअर पिणार.

हां, पोत्याचं. नऊ वर्षांपूर्वी आर्विदने पाण्याची पाइप टाकायला यंत्राने चर खणला आणि दक्षिणेच्या भिंतीवरचा हॉपचा वेल मुळासकट उपटला. माझ्या सासूबाईंचा वेल! लालसर देठाचा, असा खोऱ्यात दुसरा नव्हता. पोटचा पोर, पण नाताळपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. तेव्हा माळ्यावर दोन पोती शिल्लक होती. वर्षाला दोनदा बिअर, म्हणजे एक पोतं फार तर तीन वर्षं. ती दोन कधीच संपायला हवी होती. मी म्हणायचे, माझा हात काटकसरी. चर्चमधल्या बायकांना सांगायचे सुद्धा.

आता वाटतंय – कुणीतरी भर घालतंय. कशाला?

२५ ऑगस्ट, रविवार

चर्चनंतर आस्लाकला आडून विचारलं. आमचा शेजारी, जीभ वेताची. दर वर्षी माझी बिअर पितो आणि दर वर्षी नाक मुरडतो. म्हणाला, "अगं बोर्गहिल, तुझं ते पोतं उंदीरसुद्धा नेणार नाही. मोज्यांचा वास येतो त्याला!"

येतोच. जुन्या हॉपला जुन्या चीजचा वास येतो, मोज्यांचाही येतो, मी कुठे नाही म्हणते? पण चार तास उकळलं की तो वास जातो. राहतो तो गुण. ताजी बोंडं कडू, वर फुलांचा घमघमाट. ती घातली की बिअर पितोय की साबण, कळत नाही. जुन्यांचा कडूपणा सरलेला असतो, पण बिअर आंबू देत नाहीत. सासूबाई म्हणायच्या, तीन वर्षांच्या आत बोंडाला हात लावायचा नाही. जावयालाही तेवढं जुनं होऊ द्यावं म्हणायच्या.

आणि जुनी बोंडं कुठे विकत मिळत नाहीत! दुकानात सगळं ताजं. मग माझ्या पोत्यात पडतंय ते काय?

२७ ऑगस्ट

सापळा लावला. पोत्याच्या गाठीत एक गवताची काडी खोचून ठेवली. गाठ सुटली की काडी पडणार. असा आनंद मला लग्नानंतर पहिल्यांदाच होतोय. विणकाम घेऊन दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसले. कोठाराचं दार तिथून नीट दिसतं. मोज्याची टाच दोनदा उसवली.

३१ ऑगस्ट

काडी खाली!

१ सप्टेंबर, रविवार

सून. तोरुनच आहे.

हल्ली दर शनिवारी ती फेरीबोटीने फ्योर्डपलीकडे, खाडीच्या त्या तीरावर, माहेरी जाते. म्हणे आईचे गुडघे. काल परवानगी विचारल्यासारखं करून गेली, आज दुपारी आली आणि गाडीतून काहीतरी गच्च बांधलेलं उतरवलं.

"काय गं ते?"

"बटाटे, आई."

"आपल्या शेतातल्या बटाट्यांना काय धाड भरली?"

हसली. बाह्या वर केलेल्या – दोन्ही हातांवर लाल ओरखडे, मनगटापासून कोपरापर्यंत. म्हणाली मांजराने ओरबाडलं. मांजर! मी चाळीस वर्षं हॉप तोडलेत. मांजर एका जागी बोचकारतं. वेल करवतीसारखा अख्खा हात घासून काढतो. ही कुठेतरी हॉप तोडतेय. कुणाचे? आणि ते माझ्या पोत्यात का?

जेवण झाल्यावर पोतं चादरीवर ओतलं. वरची बोंडं फिकट, खालची तपकिरी. वरच्यांचा वास कमी. वेगळीच आहेत!

आता मला वसंतातलं तिचं बोलणं आठवलं. "आई, पुढच्या वर्षीपासून बिअर आम्ही करतो. तुम्ही खुर्चीत बसून सांगा." तेव्हा आर्विदने मान डोलावली होती. पुढच्या वर्षी मी कुठे असणार ते यांनी ठरवूनही टाकलंय! आधी बिअर बिघडवायची, मग म्हणायचं, बघा, म्हातारीला आता जमत नाही. माझ्या नावाच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला!

२ सप्टेंबर, सोमवार

आज बिअर लावली. पहाटे ज्युनिपरच्या झुडपाच्या फांद्या तोडून पाण्यात टाकल्या, मोड आणून वाळवलेले सातू भिजवले. भट्टीघरात असा वास सुटला की मी एकटीच गाणं म्हणत होते. तोरुन लाकडं घेऊन आली.

मग मी बोंडं निवडायला घेतली. फिकट तेवढी बाजूला.

"ती का काढताय, आई?"

"कारण ती माझी नाहीत." आणि सगळी फिकट बोंडं टोपलीत भरून तिच्यासमोर उकिरड्यावर फेकली. म्हटलं, "माझ्या पोत्यात कुणी काय मिसळलं ते मला कळत नाही असं समजू नकोस. मी मरेपर्यंत या कढईला हात लावू नकोस."

फार झालं का? आर्विद दारातून म्हणाला, "आई, पुरे." तोरुनने चुलीत एक लाकूड सारलं आणि गेली.

भांडली असती तर बरं वाटलं असतं.

अर्धीच बोंडं घातली. खालची, खरी.

५ सप्टेंबर, गुरुवार

बिअर चाखायचा दिवस. पिपाचं बूच काढलं की शेजारी वासावर येतात, आमंत्रण लागत नाही. आस्लाक पहिला. एक घोट घेतला आणि या वेळी नाक मुरडलं नाही!

"काय झालं? बोल की."

"गोड आहे," म्हणाला. "नुसतीच गोड. कणा नाही गं हिला. बाप्तिस्म्यापर्यंत आंबेल ही."

मी पण चाखली. खरं बोलत होता मेला.

बायका म्हणाल्या छान आहे. बायका कशालाही छान म्हणतात. तोरुनने सगळ्यांना ब्राउन चीज नि भाकऱ्या वाढल्या, माझ्याकडे बघितलं नाही. आस्लाक जाताना म्हणाला, "दुकानातून ताजे हॉप आणून देऊ का?" म्हटलं, "त्यापेक्षा पाणी पाजीन लोकांना."

पोतं रिकामं. दहा दिवस राहिले. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईने कुणाला दिसू न देता चुलीपाशी रडायचं म्हणजे डोळ्यात धूर गेला असं म्हणावं लागतं. आर्विदला तसंच सांगितलं. चूल विझलेली होती.

७ सप्टेंबर

तोरुन सकाळच्या फेरीने माहेरी गेली, दुपारी परत. "इतक्या लवकर?" आर्विद म्हणाला. "गुडघे बरे आहेत," ती म्हणाली.

आता माळ्यावर जाऊन आले. पोतं भरलंय. अगदी गळ्यापर्यंत.

गाठ माझ्यासारखीच मारलीय. गाठीत गवताची काडीसुद्धा खोचलीय.

८ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये एक शब्द ऐकला नाही. काडी कशाला खोचली असेल? चिडवतेय? की मी पकडलं ते कळलं म्हणून सांगतेय? संशयाने डोकं भणभणलं. ही बोंडंही फिकटच, परवा फेकली तशीच. हुंगली. चीजचा वास आहे. जरा कमी, पण आहे. तीन वर्षांचा वास. दुकानातला नाही. ही तोडल्यापासून कुणीतरी तीन वर्षं सांभाळलीत!

कुणी?

९ सप्टेंबर, सोमवार

दुसरा पर्याय नव्हता. तीच बोंडं घातली, सगळी. पाच तास उकळली, एक तास रागापोटी जास्त. संध्याकाळी लाकडी कड्यावर वाळवलेलं यीस्ट पिपात सोडलं. तेव्हा मोठ्याने ओरडायचं असतं, नाहीतर बिअर मवाळ होते. दर वर्षी आम्ही दोघी मिळून ओरडतो. आज मी एकटीच ओरडले. आवाज चिरका निघाला, गोठ्यातल्या गाई बघायला लागल्या.

तेवढ्यात भट्टीघराच्या बाहेरून, भिंतीपलीकडून, तोरुन ओरडली. एकदाच, खच्चून. आत आली नाही. मीच सांगितलं होतं ना, कढईला हात लावू नकोस.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आस्लाकने घोट घेतला आणि नाक मुरडलं! "मोजे!" म्हणाला. "हीच ती! गेल्या वर्षीची, त्याच्या आदल्या वर्षीची. भर अजून."

मला इतका आनंद झाला की त्याच्या पाठीत धपका घातला. मग चाखली नि पेला खाली ठेवला. खरंच, गेल्या वर्षीचीच चव. आदल्या वर्षीचीच. म्हणजे मी जिला माझी चव म्हणत होते, माझी काटकसर म्हणत होते, ती कितीतरी दिवस त्याच फिकट बोंडांची होती.

उद्या तोरुनच्या आईला, ओगोतला, बाप्तिस्म्याच्या बिअरची छोटी बरणी पोचवायची आहे. गुडघ्यांमुळे ती येणार नाही. म्हटलं, मीच जाते, एकटी. तोरुन घाईने म्हणाली, "फेरीचा त्रास होईल, आई." म्हटलं, होऊ दे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

फेरीतून उतरले, चढण चढले. ओगोतच्या गोठ्याच्या मागे, भिंतीवर – वेल. छपरापर्यंत. देठ लालसर.

माझा वेल! मी बरणी खाली ठेवली आणि त्याला धरूनच उभी राहिले. हात सोलला तर सोलू दे.

ओगोत काठी टेकत आली. मला बघून तिला फार नवल वाटलं नाही. "आलीस एकदाची," म्हणाली. "नऊ वर्षं झाली. भर पावसात आली पोरगी, ओल्या पोत्यात मुळं गुंडाळून. आर्विदने चर बुजवायच्या आत हातांनी उकरून काढलेली. नखं फुटलेली. म्हणाली, आई, आत्ताच्या आत्ता लाव. पण सासूबाईंना सांगायचं नाही. जगला नाही तर त्या दुसऱ्यांदा रडतील."

"पण जगला की! मग का नाही सांगितलं?"

"तोवर तू सगळीकडे सांगत सुटली होतीस, माझ्या हाताला बरकत आहे, पोतं संपतच नाही. ती म्हणाली, राहू दे. त्या किती खुशीत आहेत." मग ओगोत बराच वेळ हसली. "आणि मला बिचारीला गुडघेदुखी लावून दिली. मी अजून नाचते, बोर्गहिल!"

मी म्हटलं, मी तिची बोंडं उकिरड्यावर फेकली.

"माहीत आहे," ओगोत म्हणाली. "चल, आत ये. लापशी केलीय आंबट सायीची. आधी माळा बघ."

माळ्याचं आता नाही लिहीत.

१५ सप्टेंबर, रविवार

बोर्गहिल झाली! पाणी पडल्यावर अशी ओरडली की यीस्टला सुद्धा जाग येईल. बिअरचा एक थेंब उरला नाही. पिपाचं बूच मी तोरुनला काढायला लावलं, सगळ्यांसमोर. तिने विचारलं, "मी?" म्हटलं, "मग काय आस्लाक?"

ओगोतच्या माळ्यावर चार पोती आहेत, प्रत्येकावर खडूने वर्ष घातलेलं. तोरुनचे आकडे मी ओळखते. शेवटच्यातली बोंडं अजून हिरवी, याच हंगामात तोडलेली, तिच्या ओरखड्यांची; आधीची तीन पोती संपली की याची पाळी. त्यावर लिहिलंय – "२०१९चे. आईंना २०२६ साली."

तेव्हा मी अठ्ठ्याऐंशीची. बघ बाई, आता जगणं आलं!