कम्प्युटरला मराठी येतं

कल्पेश,

तुझा तो कम्प्युटर-क्लासवाला सर धादांत खोटं बोलला. म्हणे, कम्प्युटरला मराठी येत नाही! आज तुझ्या लेकीनं, खुशबूनं, आपल्या दुकानातल्या कम्प्युटरवर मराठी चालू केलं. मी एका बोटानं आपल्या गावाचं नाव, 'अवसरी बुद्रुक', लिहिलं, तर वेलांटी-उकारासकट उमटलं. अंगावर काटा आला रे! मग माझ्या आठवणींच्या वहीतलं एक पान तिनं इंटरनेटवर चढवलं. तासाभरात कॅनडातल्या कुणा बाईचं उत्तर आलं, 'काकू, पुढचं कधी?' चौथी शिकलेल्या बाईचं लिहिणं सातासमुद्रापार वाचलं गेलं राव!

आणि त्याच वह्या तू रद्दीच्या गठ्ठ्यात बांधल्यास. मी सोडवून घेतल्यात, त्या घेऊन पुन्हा दुकानात चाललेय. वरण-भात झाकलाय.

रोज दुपारी दोन तास कम्प्युटर मला देणार की नाही? ह्याच कागदावर लिही. 'बघू' चालणार नाही.

— आई